मदत हवी आहे: खासदारांनी विधेयकाला विरोध केला होता का, हे कुठे बघायचं? (तातडीचं)

सायली_क (गुरुवार, सकाळी १०:४०)
पटकन मदत हवी आहे, उद्या दुपारी मजकूर छापायला द्यायचाय. आमच्या खासदारांनी त्या विधेयकाला विरोध केला होता, याचा पुरावा कुठे मिळेल? संसदेच्या साइटवर दोन तास घालवले. हजेरी आहे, प्रश्न आहेत, शिक्षण आहे, फोटोसुद्धा आहे. मत काय दिलं ते कुठेच नाही! कोणाला थेट लिंक माहीत असेल तर द्या. नाव लिहीत नाही, मागे नाव लिहिलं म्हणून धागा उडवला होता.

उंबरठा७ (१०:५२)
कोणतं विधेयक? कधीचं?

चहाटळ_चंदू (१०:५५)
आमचे खासदार पाच वर्षांत एकदा दिसले, तेही बॅनरवर. तुमचे मत देतात हेच कौतुक.

अर्जवीस (११:०३)
माहिती अधिकारात अर्ज टाका. लोकसभा सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला, शुल्क फक्त १० रुपये, ऑनलाइनही होतो. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी आजवर शंभरच्या वर अर्ज केलेत, प्रत्येकाची वेगळी फाइल आहे.

सायली_क (११:०९)
उद्या दुपार म्हटलंय हो दादा, ३० दिवस कुठून आणू? विधेयक माहिती अधिकाराचंच. म्हणजे ते डेटावालं, त्यात माहिती अधिकार कापला ते. ९ ऑगस्ट २०२३.

मृण्मयी प. (११:२६)
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक म्हणायचंय ना? त्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचं ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खासगीपणावर विनाकारण घाला येतो, असं काहीतरी दाखवावं लागायचं. आता ‘वैयक्तिक आहे’ म्हटलं की झालं. शिवाय ‘जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही’ हे परंतुक (कलमाला जोडलेली अट) होतं, तेही गेलं. नोव्हेंबर २०२५ पासून बदल लागू आहे.

९ ऑगस्टचं राज्यसभेचं कामकाज चाळलं. आवाजी मतदानाने मंजूर. विरोधक आधीच सभात्याग करून गेले होते, त्यामुळे कोणाच्याच नावापुढे काही नाही. तुमचे खासदार राज्यसभेचे का?

सायली_क (११:३१)
हो, राज्यसभेत आहेत.

दुसरी_बाजू (११:४४)
८(१)(ञ) बद्दल अर्धवट लिहू नका. ८(२) जसंच्या तसं आहे. व्यापक जनहित असेल तर माहिती देता येते, सरकारनेही तेच सांगितलंय. उगाच ‘माहिती अधिकार मेला’ चालू आहे.

अर्जवीस (११:५८)
८(२) मध्ये जनहित आहे हे सिद्ध करायची हमाली अर्जदाराच्या गळ्यात. तुम्ही कधी पहिलं अपील तरी केलंय का? मी सुनावणीला तीन तास बाकावर बसलोय, आणि साहेब जेवायला गेलेत असं चौथ्या तासाला कळलंय.

दुसरी_बाजू (१२:०४)
बाकावर बसणं हा युक्तिवाद नव्हे.

चहाटळ_चंदू (१२:०६)
मी शेंगदाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

पाटावरवंटा (१२:१५)
खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो. त्याची कामं जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळतात. आमच्याकडे त्यातून बांधलेल्या बसथांब्यावर बस थांबत नाही.

उंबरठा७ (१२:२०)
पाटावरवंटा, निधीचं विचारलंय कोणी?
सायली, पीआरएस म्हणून संसदेच्या कामाचा हिशेब ठेवणारी संस्था आहे, तिच्या साइटवर प्रत्येक खासदाराचं पान आहे. हजेरी, प्रश्न, चर्चेतला सहभाग, खासगी विधेयकं, सगळं आलेखासकट. मी निवडणुकीआधी तेच बघून मत देतो. ८५ टक्क्यांच्या खाली हजेरी असली की फुली.

निवृत्त प्रतिवेदक (१२:४८)
हजेरीवर मत देऊ नका हो. हजेरी म्हणजे वर्षानुवर्षं रजिस्टरवर सही होती. सही करून माणूस दिवसभर कॅन्टीनमध्ये बसला तरी शंभर टक्के लागायची. आणि मंत्री रजिस्टरवर सही करत नाहीत, म्हणून त्यांचा आकडाच नसतो, त्यांना शून्य समजून शिव्या घालणारेही पाहिलेत.

मी विधिमंडळात प्रतिवेदक, म्हणजे कामकाज शब्दशः लिहून घेणारा, होतो, दिल्लीत नव्हे, पण पद्धत तीच. पीठासीन अधिकारी म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे. दोन्हीकडून आवाज येतो. ते कानाने अंदाज घेतात आणि म्हणतात, ‘होयचे बहुमत’. आम्ही लिहायचो, ‘प्रस्ताव मतास टाकण्यात आला व संमत झाला’. संपलं. कोण ओरडलं, कोण गप्प बसलं, कोण मोबाइल बघत होतं, यातलं काहीही कागदावर येत नाही. फार गोंधळ झाला तर कंसात ‘अडथळा’.

नावं कागदावर यायची तर कोणीतरी त्या क्षणी मतविभाजन मागावं लागतं. मग घंटा वाजते, लॉबी मोकळी करतात, दारं लावतात आणि बटणं दाबून मत घेतात. लोकसभेच्या नियम ३६७ मध्ये आणखी एक मेख आहे. मागणी विनाकारण आहे असं अध्यक्षांना वाटलं तर ते सदस्यांना नुसतं उभं करून मोजू शकतात. तेव्हाही नावं लिहिली जात नाहीत.

तेव्हा बाई, तुम्ही दोन तास शोधलंत ती गोष्ट बहुधा अस्तित्वातच नाही.

सायली_क (१२:५५)
म्हणजे देशाचा कायदा ओरडून पास होतो आणि कोणाचं मत काय होतं हे कुठेच लिहिलेलं नसतं??

निवृत्त प्रतिवेदक (१:०२)
बहुतेक कायदे असेच होतात. घटनादुरुस्ती असली तर विशेष बहुमत मोजून दाखवावं लागतं, म्हणून तिथे आकडे आणि नावं असतात. महिला आरक्षण, २० सप्टेंबर २०२३, लोकसभेत ४५४ विरुद्ध २. ते दोघे कोण हे आजही कोणीही सांगेल, त्यातले एक तर आपल्या औरंगाबादचेच.

मृण्मयी प. (१:१०)
तुमच्याच आठवड्यातलं उदाहरण बघा. दिल्ली सेवा विधेयक ३ ऑगस्टला लोकसभेत आवाजी मतदानाने गेलं. तेच ७ ऑगस्टला राज्यसभेत आलं तेव्हा मतविभाजन झालं, १३१ विरुद्ध १०२. कामकाजाच्या पीडीएफमध्ये होकाराची एक यादी, नकाराची एक यादी, नावानिशी. एकच विधेयक, एका सभागृहात नावं आणि दुसऱ्यात नुसता आवाज.

चहाटळ_चंदू (१:१३)
त्याच मतदानाला मनमोहन सिंग व्हीलचेअरवर आले होते. नव्वदी गाठलेला माणूस मत द्यायला येतो आणि आमच्या सोसायटीच्या सभेला तळमजल्यावरचे येत नाहीत.

दुसरी_बाजू (१:२१)
मतांची यादी मिळाली तरी काय उपयोग? घटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे (पक्षांतरबंदी) पक्षादेश, म्हणजे व्हिप, मोडला तर खासदारकी जाते. मत पक्षाचं असतं, माणसाचं नाही. बघायचंच तर भाषण बघा.

उंबरठा७ (१:२९)
उलट! भाषण कोणीही ठोकेल. बाहेर माइकसमोर एक आणि आत दुसरं, हेच तर पकडायचं असतं. शिवाय आवाजी मतदानात पक्षादेश मोडला हे सिद्ध कसं करणार? म्हणजे तेवढ्यापुरता खासदार मोकळा!

दुसरी_बाजू (१:३३)
मोकळा आणि अदृश्य. छान.

सायली_क (१:५०)
कृपा करून भांडू नका, माझं राहतंय. सगळं सांगते. आमचा माहिती अधिकार कार्यकर्त्यांचा गट आहे. शनिवारी खासदारांचा सत्कार. मानपत्र मी लिहिलंय आणि त्यात वाक्य आहे, ‘ज्यांनी संसदेत या विधेयकास ठाम विरोध केला’. हे त्यांनीच गेल्या महिन्यात सभेत सांगितलं. आमच्या गटातल्या एका काकांनी काल विचारलं, पुरावा काय? आपण दुसऱ्यांकडे प्रत्येक गोष्टीचा कागद मागतो आणि स्वतःच्या मानपत्राला कागद नाही. झोप उडाली माझी.

राज्यसभेत भाषण केलं असेल ना त्यांनी? मृण्मयी, बघता का? व्यनि (खासगी निरोप) केलंय नाव.

मृण्मयी प. (२:२५)
नाव बघितलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ते राज्यसभेत नव्हतेच!

सायली_क (२:२८)
हो, तेव्हा लोकसभेत होते ना. राज्यसभेत नंतर गेले. हे माहीतच आहे की सगळ्यांना.

उंबरठा७ (२:३०)
कोणाला?! नाव तरी सांगितलंय का तुम्ही?

चहाटळ_चंदू (२:३१)
पक्षही तोच आहे की तोही नंतर?

सायली_क (२:३४)
तो प्रश्न गैरलागू आहे.

चहाटळ_चंदू (२:३५)
समजलं.

निवृत्त प्रतिवेदक (२:५२)
मग ९ ऑगस्ट सोडा. लोकसभेत हे विधेयक ७ ऑगस्टला मंजूर झालं, मणिपूरवरून घोषणा चालू असताना, आवाजी मतदानाने. मत मिळणार नाही. पण विरोधाचे कागद तीन ठिकाणी सापडू शकतात.
सतरावी लोकसभा, बारावं अधिवेशन, ७ ऑगस्टचं शब्दशः कामकाज उघडा. चर्चेत भाग घेतलेल्यांची नावं त्यात मिळतील. दुसरं, दुरुस्ती सूचना. सदस्य कलमावर दुरुस्ती देतो तेव्हा ती त्याच्या नावानिशी छापून सगळ्यांना वाटली जाते. कलम ४४ वर यांची सूचना असेल तर तो सज्जड पुरावा, मग ती मांडताना गोंधळात कोणी ऐकली नसली तरी. तिसरं, ते या विषयाच्या संसदीय समितीवर असतील तर अहवालामागे जोडलेलं असहमतीचं टिपण.
आणि हिंदी प्रत असेल तर ‘व्यवधान’ हा शब्द शोधत बसू नका, पानोपानी तोच असेल.

अर्जवीस (३:०५)
यातलं काहीच सापडलं नाही तर अर्ज आहेच. मसुदा पाठवू का?

दुसरी_बाजू (३:१०)
बहिष्कार किंवा सभात्याग हाही विरोधच असतो. ते घोषणा देत उभे असतील तर मानपत्रातलं वाक्य खोटं ठरत नाही.

उंबरठा७ (३:१६)
ठरतं. घटनेच्या अनुच्छेद १०० मध्ये बहुमत ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचं’ मोजतात. बाहेर गेलात की हिशेबातून गेलात. आणि घोषणा मणिपूरच्या होत्या, या विधेयकाच्या नव्हत्या.

पाटावरवंटा (३:२२)
राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती निवडणुकीत मतदान गुप्त असतं, तिथे पक्षादेश चालत नाही.

उंबरठा७ (३:२३)
बरोबर आहे. पण कोणी विचारलंय?

मृण्मयी प. (४:४०)
सायली, सगळी पीडीएफ शोधली. वाचून काढली म्हणत नाही, नावाने शोधली. इंग्रजी स्पेलिंग दोन्ही प्रकारे, शिवाय देवनागरीत. चर्चेत नाव नाही. दुरुस्त्यांच्या यादीतही नाही. समितीवर ते नव्हते.

पण त्या दिवशी नाव एका जागी आहे. नियम ३७७ खालच्या विषयांत, म्हणजे सदस्य आपापल्या भागाचे वगैरे प्रश्न मांडतात त्यात. ते गोंधळाच्या दिवशी वाचले जात नाहीत, पटलावर ठेवले असं धरतात. त्यांचा विषय, तुमच्या स्टेशनवर एका एक्स्प्रेसला थांबा मिळण्याबाबत. दहा ओळी. चांगल्या लिहिल्यात खरं तर, सकाळी कामाला जाणाऱ्या बायकांचा उल्लेख आहे.

चहाटळ_चंदू (४:४४)
_प्रतिसाद काढून टाकला आहे._

निवृत्त प्रतिवेदक (५:०१)
याचा अर्थ त्यांनी विरोध केला नाही असा होत नाही. ‘नाही’ असं ओरडलेही असतील. अर्थ इतकाच की तुम्हाला ते छापता येत नाही. सभेत बोलले ते त्यांच्या नावावर राहू द्या, तुमच्या नावावर घेऊ नका.

दुसरी_बाजू (५:०८)
प्रतिवेदकांशी सहमत. मला वाटलं नव्हतं की असं कधी लिहीन.

सायली_क (शुक्रवार, सकाळी ११:१५)
रात्री त्यांच्या स्वीय सहायकांना फोन केला. ते म्हणाले, ‘साहेब बोललेत म्हणजे केलाच असेल, तुम्ही छापा.’ मी म्हटलं तारीख आणि पान द्या. ते म्हणाले, उद्या बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

ते वाक्य काढलं. त्या जागी ‘या कायद्यातील बदलांविरुद्ध जाहीर सभेत भूमिका घेणारे’ टाकलं, कारण त्या सभेचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. खाली एक्स्प्रेसच्या थांब्याचंही लिहिलं, दिनांकासह. छापखानेवाला म्हणतो दुसऱ्यांदा मजकूर बदलताय, जुळणीचे पैसे वेगळे पडतील.

अर्जवीस, मसुदा पाठवाच. काका म्हणतात की दुरुस्ती सूचनांच्या यादीची प्रमाणित प्रत आपल्याकडे फाइलला असावी.

पाटावरवंटा (११:२०)
तो थांबा मिळाला का?

सायली_क (११:२२)
नाही.