कोजागिरी, आवडतं गाणं आणि माळ्यावरच्या कॅसेटी

सांस्कृतिक समिती: नमस्कार मंडळी 🙏 यंदा कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर 'आवडतं गाणं आणि त्याची आठवण'. एका घराला ४ मिनिटं: ३ मिनिटं गाणं, १ मिनिट बोलणं. साडेसातला सुरू, १० ला स्पीकर बंद म्हणजे बंद. ३० घरांची १२० मिनिटं होतात, उरलेला अर्धा तास दुधाचा. गाण्याची फाइल चार दिवस आधी द्या, ऐनवेळी फोन पुढे करू नका.

ए-४०३: ज्यांची गाणी कॅसेटवर आहेत त्यांनी काय करायचं? टू-इन-वनपुढे मोबाइल धरून रेकॉर्ड केलं तर चालेल का?

सी-१०५: चालेल की, आम्ही सगळे तसंच करतो 😄

बी-७०२: नाही चालणार. मोबाइलचा माइक बोलण्यासाठी असतो. गाण्याच्या मधल्या शांत जागा तो मोठ्या करतो, मोठ्या जागा दाबतो. वर पंख्याची घरघर आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न.

त्याआधी कॅसेटींचे दोन ढीग करा. दुकानातून विकत आणलेल्या एकीकडे, घरी भरलेल्या दुसरीकडे. विकतच्या कॅसेटवरची बहुतेक गाणी नेटवर जास्त स्वच्छ मिळतात, त्यात वेळ घालवू नका. घरी भरलेलं जगात दुसरीकडे कुठेच नाही. रेडिओवरून घेतलेलं, कुणी घरात म्हटलेलं, भोंडल्याचं, बारशाचं. ते आधी.

आणि आणखी आधी: कॅसेटच्या वरच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन छोटे खटके असतात, ते स्क्रूड्रायव्हरने तोडा. ते शाबूत असले आणि चुकून प्लेबरोबर रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, की गाणं गेलं. परत येत नाही.

ए-४०३: तोडले. आता?

बी-७०२: कॅसेट खिडकीशी धरून बघा. फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. आपल्याकडे खाडीची हवा, त्यात चार महिने पाऊस, माळ्यावरच्या खोक्यात ती हमखास सापडते. अशी कॅसेट अजिबात लावू नका. भुकटी हेडवर, म्हणजे फीत जिथे टेकून वाजते त्या भागावर, बसते, तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटला लागते. वेगळ्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. साफ करताना तोंडाला मास्क लावा आणि ते काम घराबाहेर करा.

ठीक दिसली तर एकदा शेवटपर्यंत फॉरवर्ड, मग पूर्ण रिवाइंड. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेली फीत एकमेकींना चिकटते, ती मोकळी होते. त्याआधी चक्र हाताने फिरतंय का बघायला षटकोनी पेन्सिल घाला. गोल पेन्सिल घसरते.

डी-२०१: काका, आमच्याकडे एक कॅसेट गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजते. शब्दच कळत नाहीत.

बी-७०२: वहिनी, तीन कारणं असतात, याच क्रमाने बघा.

१) हेड घाण. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या घ्या. हेड पुसा, शेजारची लोखंडी दांडी पुसा, रबरी रोलर फिरवत पुसा. काडी तपकिरी निघते. ती पांढरी निघेपर्यंत पुसत राहा, नंतर ५ मिनिटं सुकू द्या. घरातलं सेंट किंवा सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि तेलकटपणा असतो.

२) कॅसेटच्या तोंडाशी आत पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो गळून पडला की फीत हेडला टेकत नाही. बहुतेक वेळा हेच निघतं. बिनकामाच्या कॅसेटचे पाच स्क्रू काढून तिचं कवच घ्या, आपली दोन्ही चक्रं अलगद त्यात ठेवा. दोन्ही बाजूंच्या छोट्या रोलरांवरून फीत फिरवायला विसरू नका. स्क्रू नसलेल्या कॅसेटी चिकटवलेल्या असतात, त्या पातळ पात्याने कडेने उघडाव्या लागतात.

३) हेडचा कल. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो. ज्या यंत्रावर ती भरली आणि ज्यावर आज वाजतेय, त्यांच्या हेडचा कोन थोडा वेगळा असतो, म्हणून टाळ आणि घुंगरू बुजतात. कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, इकडे तिकडे फिरवा. जिथे 'स' आणि 'श' सर्वांत टोकदार ऐकू येतील तिथे थांबा. प्रत्येक घरगुती कॅसेटला ही जागा वेगळी लागते. काम झाल्यावर मूळ जागी आणता यावा म्हणून आधी पेनाने खूण करा.

आणि डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करायच्या सोयीचं, बटण बंद. ती सोय वापरून भरलेलं नसेल तर ती लावल्याने आवाज आणखी दबतो.

डी-२०१: दुसरं निघालं! फेल्ट खाली पडलेलं 🙏

सी-१०५: आमच्या डेकमध्ये गाणं ओढून ओढून येतं. गाणाऱ्याला झोप आल्यासारखं.

ई-६०४: आतला, मोटरने चक्र फिरवणारा रबरी पट्टा सैल झालाय. मागचं झाकण काढा. काही पट्टे विरघळून डांबरासारखे होतात, तसं असेल तर पुली अल्कोहोलने पूर्ण घासून काढा, नाहीतर नवाही घसरेल. जुन्या पट्ट्याचं माप घेऊ नका, तो ताणलेला असतो. पुलींभोवती दोरा फिरवून घेर मोजा आणि त्याहून साधारण ५ टक्के लहान पट्टा घ्या. फार घट्ट घेतला तर मोटरवर ताण येतो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत बघा: दादरला उतरून वेस्टर्नची स्लो लोकल, ग्रँट रोडवरून चालत. मोजलेला दोरा खिशात न्या.

ए-४०३: आता डेकपासून कॉम्प्युटरपर्यंत कसं?

ई-६०४: डेकमागे लाल-पांढऱ्या पिनांचा लाइन आउट असतो. तिथून केबल काढून यूएसबी साउंड कार्डात, तिथून लॅपटॉपला. ज्या कार्डाला लाइन इन आहे तेच घ्या. स्वस्तातल्यांना फक्त माइकचं भोक असतं. लॅपटॉपच्या भोकातही थेट घालू नका. तेही माइकचं असतं, बहुतेक वेळा एकाच चॅनेलचं, आणि तिथे आवाज फाटतो.

टू-इन-वन असेल तर इअरफोनच्या भोकातून घ्या. आवाज एक तृतीयांशपासून सुरू करा, बास-ट्रेबलचे खटके मधोमध.

रेकॉर्डिंगसाठी ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टीरिओ पुरतं. सर्वांत मोठ्या जागी काटा उणे ६ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहू दे. कमी आलं तर नंतर वाढवता येतं, वर जाऊन फाटलेलं दुरुस्त होत नाही. एका मिनिटाला १० एमबीच्या थोडं वर, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे ६३५ एमबी. वेळही तितकाच, ६० मिनिटांना ६० मिनिटं. त्यात शॉर्टकट नाही.

सी-१०५: मागे सतत 'घूं' येतंय.

ई-६०४: लॅपटॉपचा चार्जर काढा.

सी-१०५: गेलं! 😮

बी-७०२: पण सगळं 'घूं' वाईट नसतं. वेग तपासायला तेच उपयोगी पडतं. आपली वीज ५० हर्ट्झची. जुनं यंत्र विजेवर चालवून भरलेलं असेल तर ती गुणगुण फितीवरच उमटलेली असते. आता टू-इन-वन सेलवर चालवा, लॅपटॉप चार्जरशिवाय, म्हणजे आजच्या विजेची भेसळ होणार नाही. ऑडॅसिटीत गाण्यामधली शांत जागा निवडून प्लॉट स्पेक्ट्रम (किती हर्ट्झचा आवाज किती, त्याचा आलेख) काढा, साइझ ६५५३६. टोक ५० ऐवजी ५२ वर आलं तर गाणं ४ टक्के जलद वाजतंय, वेग ०.९६२ पट करा. टेम्पो बदलायची सोय घेऊ नका, त्यात पट्टी तशीच राहते. वेग आणि पट्टी दोन्ही बदलणारी घ्या. मूळ यंत्र सेलवर चाललं असेल तर ही खूण सापडणार नाही.

ए-११०२: पेटीवरूनही कळतं. ६ टक्के वेग वाढला की गाणं एक पट्टी वर जातं, काळी चारातलं पांढरी सहात. आपल्या पेटीशी लावून बघितलं आणि सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये लटकला, तर वेगावर संशय घ्या. मात्र साथीची जुनी पेटीच उतरलेली असू शकते, म्हणून एवढ्या एकाच पुराव्यावर वेग बदलू नका. गाणाऱ्याचा बोलण्याचा आवाज बरोबर वाटतो का, तेही ऐका.

ए-४०३: खरखर काढून टाकू ना सगळी? शिवाय मधे कुणीतरी खोकतंय, कुकरची शिट्टी आहे, रेडिओवाला बोलतोय.

बी-७०२: थांबा! शिट्टी राहू द्या.

गाणं नेटवर आहे. तो खोकला नेटवर नाही. आधी जसं आलं तसं पूर्ण, न कापता, वेव्ह फाइल म्हणून ठेवा. दोन ठिकाणी, त्यातली एक जागा घराबाहेरची. कार्यक्रमासाठीची प्रत वेगळी करा. तिच्यात दोन गाण्यांमधली एक-दोन सेकंदांची शांत जागा नमुना म्हणून देऊन खरखर फक्त ६ डीबीने उतरवा. १२ वगैरे देऊ नका. तितकं केलं की बऱ्याचदा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि तंबोरा पुसला जातो, कारण यंत्राला तंबोरा आणि खरखर यांतला फरक कळत नाही.

ए-११०२: आणि निवेदकाचं बोलणं तर मुळीच कापू नका. वर्ष लावायला तेवढंच हाती असतं. बातम्यांचा तुकडा निघाला तर सोनं.

डी-२०१: आमच्या खोक्यावर 'गीतरामायण, रेडिओवरून, १९५५' असं लिहिलंय. वर्ष मिळालं म्हणजे?

ए-११०२: गीतरामायणाचं मिळालं, कॅसेटचं नाही. पुणे आकाशवाणीवर ते १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झालं, दर आठवड्याला एक अशी ५६ गाणी. पण ही कॅसेट फिलिप्सने बाजारात आणली १९६३ मध्ये. म्हणजे तुमची एकतर नंतरच्या प्रसारणाची आहे, किंवा मोठ्या स्पूलवरून उतरवलेली. खोक्यावरचं लिखाण मात्र फेकू नका, दोन्ही बाजूंचा फोटो काढून फाइलशेजारी ठेवा. अक्षर कुणाचं तेही लिहा.

फाइलचं नाव असं: वर्ष-ठिकाण-कोण गातंय-गाणं-कॅसेटची बाजू. वर्ष अंदाजाचं असेल तर पुढे 'अंदाजे'. नुसतं 'आई गाणं नवीन २' असं ठेवलं तर नातवंडांना काडीचा उपयोग नाही.

सी-१०५: रेकॉर्ड असतील तर? तीन काळ्या तबकड्या आहेत, जड.

ई-६०४: जड आणि ठिसूळ, ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या असणार. त्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. शुद्ध पाणी आणि मऊ कापड. सुईही वेगळी, जाड, सुमारे ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची सुई खाचेच्या तळाला घासते आणि नुसती सळसळ देते. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण ३ मिनिटं, समितीच्या वेळेत बरोबर बसते 😄

ए-४०३: फीत मध्ये तुटलीय एका ठिकाणी. सेलोटेप?

ई-६०४: नको! त्याचा गोंद पाझरतो आणि पुढची वेटोळी चिकटतात. स्प्लायसिंग टेप मिळते. दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, टोकाला टोक भिडवा, चिकटपट्टी चकचकीत नसलेल्या मागच्या... थांबा, हे नीट सांगतो: कॅसेट तोंड खाली करून धरल्यावर जी बाजू बाहेर दिसते ती हेडला लागते. पट्टी त्या बाजूला नाही, आतल्या बाजूला. कडेने बाहेर आलेली पट्टी ब्लेडने कापा. फीत ३.८ मिलिमीटर रुंद असते, तेवढ्यातच बसली पाहिजे.

९० मिनिटांची कॅसेट असेल तर जपून, तिची फीत ६० वालीपेक्षा पातळ. १२० ची तर फार ताणली जाते, तिला वारंवार फॉरवर्ड-रिवाइंड करू नका.

सांस्कृतिक समिती: फाइली या ग्रुपवर टाकायच्या का?

ए-११०२: सिनेमातली गाणी अशी वाटत फिरू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं असतो. समितीला पेनड्राइव्हवर द्या. घरी म्हटलेलं पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस मेसेज करून नाही.

सांस्कृतिक समिती: ठीक. लाल-पांढरी केबल आणि साउंड कार्ड कुणाकडे आहे? क्लब हाउसमध्ये शनिवारी ४ ते ८ टेबल लावतो. एका घराची एक कॅसेट, एकच बाजू.

ई-६०४: केबल माझी, कार्ड बी-७०२ काकांचं. डेक मात्र कुणीतरी आणा, पट्टा तपासलेला.

सी-१०५: दोरा मोजून झाला, उद्या ग्रँट रोडला जातोय. अजून कुणाला पट्टा हवा असेल तर रात्री ९ पर्यंत माप टाका.