बाळाच्या हार्ट ऑपरेशननंतर मिलरिनोन कशासाठी देतात?

चिपळूणकरीण: बहिणीचं बाळ आठवड्याचंपण नाही, निळं पडलं म्हणून मुंबईला नेलं, हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल होती, काल ऑपरेशन झालं. आता मिलरिनोन आणि अ‍ॅड्रेनालिन दोन्ही चालूए. म्हणजे हार्ट चालत नाहीये का?? आईने इकडे देवीला गाऱ्हाणं घातलंय

आयसीयूतली सिस्टर: ताई घाबरू नका, अशा ऑपरेशननंतर हे नेहमीचंच आहे. पहिल्या ६ ते १८ तासांत साधारण चारातल्या एका बाळाच्या हृदयाचा जोर कमी होतो, मिलरिनोन आकुंचन वाढवतं आणि रक्तवाहिन्या सैल करतं म्हणून हृदयावरचा भार हलका होतो, पण त्यानेच बीपी उतरू शकतं मग जोडीला थोडं अ‍ॅड्रेनालिन. सिरिंज पंपवर अगदी बारीक डोस असतो. लघवी किती होते ते विचारा, मिलरिनोन मुख्यतः किडनीतूनच बाहेर पडतं, लघवी कमी झाली तर ते अंगात साठतं

मालवणी बापूस: आमच्या चेडवाक ऑपरेशनच्या आधी प्रोस्टाग्लँडिन लावलेला, ती हृदयाजवळची जन्माची नळी बंद होऊ नये म्हणान. त्याने श्वास थांबता कधी कधी, म्हणान अँब्युलन्समध्ये डॉक्टर सोबत होतो

चिपळूणकरीण: हो आमच्याकडेपण तेच लावलेलं! लघवीचं विचारते आत्ताच