आजी म्हणतात आम्ही मेक्सिकन-अमेरिकन, नातू म्हणतो चिकानो. फरक काय?

मृण्मयी_सॅनडिएगो:
आमच्या शेजारचं कुटुंब मूळचं मेक्सिकोचं. परवा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. नातू कॉलेजात आहे, बोलता बोलता मला म्हणाला, "आम्ही चिकानो." आजींनी हातातलं भांडं खाली ठेवलं आणि त्याला स्पॅनिशमध्ये चांगलंच झापलं. हा शब्द घरात नको, आपण मेक्सिकन-अमेरिकन, असं त्यांचं म्हणणं. पोरगाही मागे हटेना. मला दोघांनाही दुखवायचं नाही. हे प्रकरण काय आहे, कुणी नीट सांगेल का?

फ्रेस्नोकर:
मृण्मयीताई, दोघांचंही बरोबर आहे. फक्त दोघं वेगवेगळ्या काळातून बोलतायत.

आजींच्या लहानपणी 'चिकानो' ही शिवी होती. शेतात राबणाऱ्या गरीब मेक्सिकन माणसाला हिणवायला वापरायचे, आणि जरा बरी स्थिती आलेले त्यांचेच भाऊबंदही वापरायचे. तेव्हा शाळेत स्पॅनिश बोललं की मार बसायचा. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मुलांच्या शाळाच वेगळ्या होत्या, त्याविरुद्धचा खटला पालकांनी १९४७ मध्ये जिंकला. १९३० च्या मंदीत तर लाखो लोकांना मेक्सिकोत धाडलं, त्यात अमेरिकेतच जन्मलेली मुलंही होती. ज्यांनी हे ऐकत-भोगत दिवस काढले, त्यांना 'अमेरिकन' हा शब्द सोडवत नाही. त्यांनी तो फार कष्टाने मिळवलाय.

नातवाची बाजू १८४८ पासून सुरू होते. अमेरिकेशी युद्ध हरल्यावर ग्वादालूपे इदाल्गोच्या तहात मेक्सिकोच्या हातून कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको असा प्रचंड मुलूख गेला. तिथले लोक आपापल्या घरातच होते, सीमाच सरकली. नागरिकत्व मिळेल, जमिनी राहतील, असा शब्द दिला होता. जमिनी मात्र पुढे कोर्टकचेऱ्यांत गेल्या. म्हणून "तुम्ही बाहेरून आलात" हे वाक्य त्यांना इतकं झोंबतं.

मी इथे शाळेत शिकवतो. एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी मला बुटक्या दांड्याची कुदळ धरून दाखवली होती. तिला ते 'एल कोर्तीतो' म्हणतात. ती वापरायची तर दिवसभर कंबरेतून दुमडूनच राहावं लागतं. मुकादमाला ते सोयीचं, कारण पाठ सरळ केलेला माणूस लांबूनही दिसतो. कॅलिफोर्नियात तिच्यावर बंदी आली ती १९७५ मध्ये! आजोबांना अजूनही ताठ उभं राहता येत नाही. डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला १९६५ चा संप याच लोकांचा. सुरुवात लॅरी इटलियाँग यांच्या फिलिपिनो मजुरांनी केली (हे लोक विसरतात, म्हणून मुद्दाम सांगतो), मग सेझार चावेझ आणि डोलोरेस वेर्ता यांची संघटना त्यात उतरली. पाच वर्षं चालला.

मजुरांच्या या लढ्यातूनच शहरातल्या पोरांना बळ आलं. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधले हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. त्याच पिढीने ती शिवी उचलली आणि छातीवर मिरवली. त्यामुळे मेक्सिकन वंशाचा प्रत्येक जण चिकानो नसतो. आमच्यावर काय झालं ते आम्हाला माहीत आहे आणि आम्ही गप्प बसणार नाही, हे ज्याला म्हणायचंय तो चिकानो.

तुमच्याच शहरातलं बॅरिओ लोगान बघितलंत का? आधी हायवेने ती वस्ती चिरली, मग कोरोनाडो पुलाचे खांब तिच्या डोक्यावर आले. पुलाखाली बाग करू असं कबूल केलं होतं. २२ एप्रिल १९७० ला बुलडोझर आले ते हायवे पोलिसांचं ठाणं बांधायला. बायका, मुलं, विद्यार्थी बुलडोझरपुढे उभे राहिले, जागा ताब्यात घेतली आणि तिथेच निवडुंग आणि फुलझाडं लावली. बारा दिवस हलले नाहीत. आज तो चिकानो पार्क. खांबाखांबांवर भित्तिचित्रं आहेत, आणि आता ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे.

संज्योत_ह्यूस्टन:
फ्रेस्नोकर, बायकांचं राहिलं. चळवळीत भाषणं पुरुषांची, स्वयंपाक आणि टायपिंग बायकांचं, असंच बरेचदा चालायचं. १९७१ मध्ये आमच्या ह्यूस्टनमध्ये शेकडो चिकाना (चिकानो बायका) परिषदेला जमल्या आणि पाळणाघरं, गर्भनिरोधन, शिक्षण हे विषय त्यांनी ठणकावून मांडले. आणि न्यू मेक्सिकोतली कित्येक जुनी घराणी स्वतःला इस्पानो (जुन्या स्पॅनिश वसाहतींतल्या लोकांचे वंशज) म्हणवतात, चिकानो नाही.

वर्धेकर:
त्या भित्तिचित्रांचं मूळ मेक्सिकोच्या रिवेरा, ओरोस्को, सिकेरोस या चित्रकारांच्यात आहे. रिवेराच्या एका चित्रात आपले वर्ध्याचे क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजेही आहेत. ते तिथे चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत.

मृण्मयी_सॅनडिएगो:
मनापासून आभार. मग मी काय म्हणावं?

फ्रेस्नोकर:
जो स्वतःला जे म्हणवतो, तेच. आजींसमोर मेक्सिकन-अमेरिकन, नातवाला चिकानो. आणि आजींना त्यांच्या शाळेबद्दल नक्की विचारा, नातू शेजारी बसलेला असताना. त्याने हे कधी विचारलं नसण्याचीच शक्यता जास्त.