यू अँड एलसीचे जुने अंक ठेवू की रद्दीत देऊ?

प्रश्न: सरांच्या कपाटातून यू अँड एलसी या फॉन्ट-अक्षररचनेवरच्या नियतकालिकाचे चार अंक मिळालेत, टॅब्लॉइड साइझ, न्यूजप्रिंट, कडा पिवळ्या पडून हातात तुकडे येतायत. वर्गातले म्हणतात टाक, सगळं पिंटरेस्टवर आहे. एवढं काय होतं त्यात?

उत्तर: अगं टाकू नकोस!! न्यूयॉर्कच्या आयटीसी या फॉन्ट कंपनीने १९७३ ला सुरू केलं, डिझायनर हर्ब लुबालिन १९८१ मध्ये वारेपर्यंत तोच संपादन-डिझाइन बघायचा. खरं तर स्वतःचे फॉन्ट खपवायची जाहिरातच ती, पण अशी भारी की लोक जपून ठेवायचे. फोटोटाइपसेटिंग (फिल्मवर फोटोने अक्षरं जुळवणं) आलं, शिशाच्या खिळ्यांची अडचण गेली, मग अक्षरं एकमेकांत घुसवायची मजा सुरू झाली, हेडलाइनी बघ म्हणजे कळेल.

उत्तर: भारी होतं मान्य, पण अक्षरांमधल्या त्या घट्ट स्पेसिंगचं फॅडच झालं राव. आवांत गार्ड फॉन्ट दिसेल तिथे, आणि त्यातले ते तिरके ए-व्हीचे लिगेचर (जोडून काढलेली अक्षरं) वापरले नाहीत तर त्यात राम नाही. आजचे लोगोवालेही तेच करतात, कुठून आलं ते माहीत नसतं.

उत्तर: नावाचा अर्थच अप्पर अँड लोअर केस, म्हणजे इंग्रजीतली मोठी आणि छोटी अक्षरं, आपल्या देवनागरीत ती भानगडच नाही 😄 मी एकदा लग्नपत्रिकेत तसं घट्ट स्पेसिंग केलं, वेलांटी रफारावर चढली, नवरदेवाचं नावच वाचता येईना, पत्रिका परत. अंक सपाट ठेव, घडी घालू नकोस, १९९९ ला बंद झालंय ते.