विटांच्या चिमणीतल्या खापरी नळ्या तडकल्या: स्टेनलेस लायनर घालावा की लेप पुरेल?

पार्सिपनीकर

न्यू जर्सीत १९४८ सालचं दुमजली घर. चिमणी विटांची, बाहेरच्या भिंतीला लागून, तळघरापासून टोकापर्यंत साधारण २८ फूट. आत दोन धूरमार्ग आहेत.

पहिला मार्ग फायरप्लेसचा. तोंड ३६ इंच रुंद, २८ इंच उंच. खापरी नळी आतून सव्वाअकरा इंच चौकोनी. दुसरा मार्ग तळघरातला गॅस बॉयलर आणि वॉटर हीटर यांचा. नळी आतून ७ इंच चौकोनी. यावर पूर्वी तेलाचा बॉयलर होता.

कॅमेरा सोडून लेव्हल २ तपासणी करून घेतली. फायरप्लेसच्या मार्गात तीन नळ्यांना उभे तडे आहेत आणि चार सांध्यांतला माल (सांधे भरणारं मिश्रण) गळाला आहे. गॅसच्या मार्गात सांधे भुसभुशीत झालेत, तळाशी खापरीचा चुरा साठलाय. माथ्याचं काँक्रीट भेगाळलंय, छपराच्या वर विटांचे पोपडे सुटताहेत, त्याखालच्या विटांना लोणा लागलाय.

यंदा बॉयलर कंडेन्सिंग (धुरातली वाफ थिजवून तिची उष्णता वापरणाऱ्या) प्रकारचा बसणार, त्याचा धूर पीव्हीसी पाइपने भिंतीतून बाहेर जाईल. वॉटर हीटर (४० गॅलन, वरचं तोंड ३ इंची) चिमणीवरच राहणार. एक कंत्राटदार दोन्ही मार्गांत स्टेनलेस लायनर (मार्गाच्या आत सोडायचा पोलादी पाइप) घालायला सांगतो: फायरप्लेसला १० इंची, गॅसला ६ इंची. दुसरा म्हणतो, आतून सिरॅमिक लेप मारला की काम झालं. यातलं बरोबर काय? आणि वरच्या दर्जा (विटांमधले सांधे) कोणत्या मालाने भरायच्या?

धूरवाट

दोन मार्ग म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. एकच उत्तर दोन्हीकडे चिकटवणाऱ्या कंत्राटदाराला आधी हिशेब मागा.

फायरप्लेसचा हिशेब: ३६ गुणिले २८ म्हणजे तोंड १००८ चौरस इंच. गोल धूरमार्गाचं क्षेत्रफळ तोंडाच्या किमान एक-बारांश लागतं, म्हणजे ८४ चौरस इंच. १० इंची लायनरचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तरच भरतं. तो घातलात तर उघड्या शेकोटीचा धूर दिवाणखान्यात येईल. १२ इंची ११३ देतो, पण तो सव्वाअकराच्या नळीत उतरणारच नाही. शिवाय चिमणी बाहेरच्या भिंतीवर आहे, म्हणजे लायनरभोवती अर्ध्या इंचाचं सिरॅमिक लोकरीचं वेष्टन हवंच. त्याने व्यास आणखी इंचभर वाढतो.

त्यामुळे पर्याय असे:

१. खापरी नळ्या वरून फोडून काढायच्या आणि मोकळ्या झालेल्या पोकळीत वेष्टनासह १२ इंची लायनर सोडायचा. उघडी शेकोटी ठेवायचीच असेल तर हाच खरा मार्ग. काम धुळीचं आणि महाग. नळ्या निघाल्यावर पोकळीचं माप प्रत्येक मजल्यावर घ्या; विटांच्या आत आलेला मालाचा गोळा एखाद्या ठिकाणी लायनर अडवतो.

२. फायरप्लेसच्या तोंडात इन्सर्ट, म्हणजे लाकूड जाळणारी बंद शेगडी बसवायची. त्याला बहुधा ६ इंची लायनर लागतो. वेष्टनासह सव्वासात इंच होतो आणि आहे त्या नळीतून आरामात उतरतो. नळ्या फोडायची गरज नाही. घर तापवायचं असेल तर माझं मत यालाच. उघडी शेकोटी खोलीतली गरम हवा वर खेचून नेते.

३. सिरॅमिक लेप. नळ्या धड आहेत आणि फक्त सांधे पोकळ झालेत, तिथे हा उत्तम इलाज आहे. उभा तडा मात्र प्रत्येक जाळासरशी उघडतो-मिटतो. पातळ लेपावर तिथे भरवसा ठेवू नका. तुमच्याकडे तीन नळ्या तडकल्यात, म्हणजे दुसऱ्या कंत्राटदाराचं म्हणणं तुमच्या चिमणीला लागू नाही. उभे तडे बहुधा चिमणीतल्या आगीने, म्हणजे झपाट्याने वाढलेल्या उष्णतेने पडतात. नळ्यांवर काळा, काचेसारखा चकचकीत थर आहे का, हे तपासणाऱ्याला विचारा. असेल तर आधी तो काढावा लागेल. नुसत्या ब्रशने तो निघत नाही.

लायनर ३१६ टीआय (टायटॅनियम असलेलं स्टेनलेस) प्रतीचा आणि यूएल १७७७ (लायनरचं अमेरिकन सुरक्षा मानक) मान्यतेचा घ्या. ही मान्यता वेष्टनासकट असते, म्हणून वेष्टन त्याच उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे. बाहेरच्या चिमणीच्या विटांपासून लाकूड किमान १ इंच लांब हवं, आणि १९४८च्या घरांत चौकट पुष्कळदा विटांना टेकलेली असते. वेष्टनाशिवाय काम करणाऱ्याला हे आधी दाखवा.

लायनर सोडताना दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. खालच्या टोकाला निमुळती टोपी आणि दोर बांधून खालून हळू ओढायचं. वेष्टनावर स्टीलची जाळी चढवलेली हवी, नाहीतर खापरीच्या कडेला घासून ते फाटतं आणि फाटलेलं कोणाला दिसत नाही. बाणाची खूण धूर जाण्याच्या दिशेने, म्हणजे वर. वर पत्र्याची माथापट्टी सिलिकॉनमध्ये बसवायची, त्यावर कॉलर, त्यावर जाळीची टोपी.

आता गॅस. इथे जास्त लक्ष द्या, कारण इथला धोका दिसत नाही. बॉयलर गेला की ४० गॅलनचा एकटा वॉटर हीटर एवढी थंड चिमणी तापवू शकत नाही. गॅसच्या धुरात पाण्याची वाफ भरपूर असते. ती नळीत थिजते, आम्लयुक्त पाणी सांधे खातं, आणि धुराला वर नेणारी ओढ कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तळघरात उलटतो. तळाशी पडलेला चुरा याच प्रकाराचा. नळीचं क्षेत्रफळ हीटरच्या तोंडाच्या सातपटीपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. तुमचं तोंड ३ इंची, म्हणजे सातपट साधारण साडेएकोणपन्नास, नळी ४९. कागदावर बसतं, पण तो नियम घराच्या आतल्या चिमणीसाठी आहे. बाहेरच्या चिमणीला मापांचे तक्ते वेगळे आहेत.

म्हणून इथे लायनर हवाच, पण ६ इंची नव्हे. ३ किंवा ४ इंची पुरेल. कोणता, ते उंची आणि हीटरचे बीटीयू (तासाला लागणारी उष्णता) पाहून तक्त्यावरून ठरवायचं. पन्हळी लवचिक लायनर असेल तर तक्त्यातली क्षमता २० टक्के कमी धरतात. गॅसला ॲल्युमिनियमचा लायनर चालतो, पण तुमच्याकडे पूर्वी तेल जळत होतं. त्या काजळीतलं गंधक ॲल्युमिनियम खातं. स्टेनलेसच घ्या, आणि घालण्याआधी मार्ग घासून स्वच्छ करून घ्या.

वॉटर हीटर जुना झाला असेल तर हीट पंपाचा विजेवरचा घेण्याचा विचार करा. मग या मार्गाची गरजच संपते: खालचं भोक बुजवायचं, वर टोपी घालायची.

दर्जाबंद

धूरवाट यांनी आतलं सांगितलं, मी विटांचं सांगतो. लायनर कितीही चांगला घाला, माथ्यातून पाणी उतरत राहिलं तर चिमणी ढासळतेच. लोणा आणि पोपडे दोन्ही पाण्याचेच. विटेत शिरलेलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं आणि विटेचा दर्शनी पापुद्रा उडवतं.

माल: टाइप एन. मापाने १ भाग पोर्टलँड सिमेंट, १ भाग विझवलेला (हायड्रेटेड) चुना, ६ भाग वाळू. टाइप एस किंवा एम हे त्याहून कडक माल वापरू देऊ नका. माल विटेपेक्षा कडक झाला की ताण आणि ओल दोन्ही विटेवर येतात आणि पोपडे वाढतात. त्याहून मऊ १:२:९चा माल जुन्या नरम विटांना योग्य असतो, पण छपराच्या वर ऊन, पाऊस, बर्फ सगळं झेलायचं असतं. तिथे तो लवकर झिजेल.

दर्ज तिच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल खरवडायची. तीन-अष्टमांश इंचाची दर्ज असेल तर साधारण इंचभर. उभ्या दर्जांत ग्राइंडर चालवू देऊ नका, वरखालच्या विटांच्या कडा कापल्या जातात, तिथे छिन्नी. धूळ झटकून विटा ओलसर करा, पृष्ठभागावर पाणी चमकता कामा नये. माल पाव-पाव इंचाच्या थरांनी दाबून भरायचा. अंगठा दाबल्यावर ठसा उमटेल पण माल चिकटणार नाही, तेव्हा दर्ज ओढायची. पुढचे तीन दिवस थोडं थोडं पाणी शिंपडा.

पोपडे सुटलेल्या विटा थोड्या असतील तर तेवढ्याच बदला. वरचे थर हाताने हलत असतील तर दर्जा भरणं म्हणजे पैसे पाण्यात. घट्ट थर लागेपर्यंत उतरवून नव्याने बांधा. विटा भरीव, एसडब्ल्यू (कडक हवामान सोसणाऱ्या) प्रतीच्या.

माथा उरलेल्या गिलाव्याने लिंपण्याचा प्रघात आहे, तीच भेगांची सुरुवात. काँक्रीटचा ओता: कडेला किमान २ इंच जाड, बाहेर उतार, विटांच्या पुढे २ इंच छज्जा आणि छज्ज्याखाली पाणी तोडणारी खाच. काँक्रीट आणि विटा यांमध्ये डांबरी कागद. नळीभोवती पाव ते अर्धा इंच फट सोडून तीत फोमची दोरी आणि वर सिलिकॉन. नळी तापून वाढते. फट नसेल तर तीच माथा फोडते.

छपराच्या सांध्याचा पत्राही बघा. वरचा पत्रा दर्जेत इंचभर शिरलेला हवा, नुसता डांबराने चिकटवलेला नको. चिमणी ३० इंचांपेक्षा रुंद असेल तर उताराच्या वरच्या बाजूला पाणी वळवणारी छोटी दुपाखी लागते.

विटांवर रंग नको, चकाकणारं सीलर तर नकोच. आत अडकलेली ओल बाहेर पडत नाही. सिलेन-सिलॉक्सेनचं वाफ जाऊ देणारं द्रावण चालेल, दर्जा भरल्यावर महिन्याभराने.

लीड्सकर

इंग्लंडमधल्या वाचकांसाठी जोड: इथे फक्त लाकूड जाळणार असाल तर ३१६ प्रतीचा लायनर चालतो, धूरविरहित कोळसा जाळणार असाल तर ९०४ घ्या, कोळशातलं गंधक ३१६ला लवकर भोकं पाडतं. काम हेटास (लाकूड-कोळशाच्या शेगड्या बसवणाऱ्यांची नोंदणी संस्था) नोंदणीकृत माणसाकडून करून घेतलं तर बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम तपासणाऱ्या खात्याला) तोच कळवतो. जोडघरांत सामाईक भिंतीतला शेजाऱ्याचा मार्ग आणि आपला मार्ग यांमधली आडवीट (विटांची पडदी) पुष्कळदा पडलेली असते. लायनरआधी धुराची चाचणी दोन्ही घरांत करा.

पार्सिपनीकर

मनापासून आभार. उघड्या शेकोटीचा हट्ट नाही, इन्सर्ट आणि ६ इंची लायनर ठरवतो. क्रम आणि ऋतू कोणता धरू?

धूरवाट

आधी सफाई, मग विटा आणि माथा, मग लायनर, शेवटी टोपी. बॉयलर बदलण्याच्या दिवशीच गॅसचा लायनर जोडला जाईल असं दोन्ही कंत्राटदारांकडून लिहून घ्या. मधल्या काळात एकटा हीटर जुन्या मार्गावर चालवू नका. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आजच लावा.

माल भरताना आणि नंतरचे दोन दिवस तापमान ४० अंश फॅरनहाइटच्या वर हवं. वसंतात करायचं तर एप्रिल संपण्याच्या आत करा: त्यानंतर चिमणी स्विफ्ट पक्षी उघड्या चिमण्यांत घरटी करतात आणि अंडी-पिल्लं असलेलं घरटं काढायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. घरटं सापडलं तर पिल्लं उडेपर्यंत थांबा. सप्टेंबर-ऑक्टोबर सोयीचे, पण तेव्हा कारागीर मिळत नाहीत, तारीख उन्हाळ्यातच ठरवा.

परमिट काढा. काम संपल्यावर पुन्हा कॅमेरा सोडून चित्रण मागा, आणि शेवटचा हप्ता ते हातात आल्यावरच द्या.