मदत हवी आहे: वडिलांना जठराचा कॅन्सर, केमोसोबत नव्या औषधाची ट्रायल सांगितलीय, काय करावं?

नमस्कार मंडळी, मी जिंतूरकडचा. आमचे अण्णा 61 वर्षांचे, शेती करतात. दिवाळीपासून दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणायचे, आम्ही ॲसिडिटी समजून गोळ्या देत राहिलो. शेवटी दुर्बीण घातली, तुकडा तपासला तर जठराचा कॅन्सर निघाला, तोही लिव्हरवर गेलेला, त्यामुळे ऑपरेशन नाही, फक्त केमो.

मुंबईला एक केमो झाला, ऑक्झालिप्लॅटिनचं सलाईन आणि नंतर 14 दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. घरी आल्यावर सकाळी अण्णांनी माठातलं गार पाणी घेतलं आन् तांब्या हातातून सुटलाच, बोटांना करंट बसल्यावानी झालं म्हणले. आता आई त्यांना तोंड धुवायला पण कोमट पाणी देते.

आता मुद्दा. हर-टू (काही गाठींच्या पेशीवर जास्त असणारं एक प्रोटीन) रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, म्हणजे त्याला धरणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध चालणार नाही. डॉक्टर म्हणतात ट्रायल आहे, गाठीच्या पेशीवर एक ठराविक प्रोटीन सापडलं तर त्यालाच धरणारं औषध केमोसोबत देऊन बघायलेत. केमो सगळ्यांना मिळणार, पण नवं औषध निम्म्यांनाच, बाकीच्यांना साधं सलाईन, आणि कुणाला काय लागलं ते डॉक्टरांनाही कळणार नाही, कॉम्प्युटर ठरवतो. दुसऱ्या केमोच्या आधी हो-नाही सांगायचंय.

चुलते म्हणायलेत आपल्या माणसावर प्रयोग नको. मला तसं वाटत नाही. ट्रास्टुझुमॅब सुद्धा असंच आलं, 2010 ला छापलेल्या अभ्यासात हर-टू पॉझिटिव्ह पेशंटमध्ये नुसत्या केमोवर जगण्याचा मधला आकडा (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) 11.1 महिने होता, ते औषध जोडल्यावर 13.8. फरक पावणेतीन महिन्यांचाच, पण आमच्या घरात बसून बघा, पावणेतीन महिने किती असतात ते.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. अण्णांना आम्ही अल्सर सांगितलाय. आणि ट्रायलच्या मराठी फॉर्मवर पहिल्याच पानावर कॅन्सर शब्द आहे, अण्णांनी स्वतः समजून घेऊन सही करायची, मी त्यांच्या जागी करू शकत नाही. आई म्हणते कळलं तर माणूस खचंल. कुणी आपल्या माणसाला हे सांगितलंय का, कसं सांगितलं?

दुसरं, ज्या लॅबमध्ये पहिला तुकडा तपासला तिथून मेणाचा ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला तो तुकडा) आणा म्हणलेत, त्यावरच प्रोटीनची टेस्ट होणार. लॅबवाले तीन दिवसांपासून उद्या या, सापडंना म्हणायलेत. लेखी अर्ज द्यावा का? आणि नाहीच सापडला तर परत दुर्बीण घालावी लागंल का, अण्णांचं वजन आधीच लई उतरलंय.

तिसरं, ज्यांचं माणूस ट्रायलमध्ये होतं त्यांनी सांगा, केमोचा आणि स्कॅनचा खर्च कोण करत होतं, आणि साधं सलाईन वाट्याला आलं तर नंतर नवं औषध मिळालं का? ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येतं, आणि ट्रायलमुळं काही इजा झाली तर उपचार, भरपाई ट्रायल करणाऱ्यांनीच द्यायची हे सरकारच्या 2019 च्या नियमात आहे, ते मी वाचलंय. सीटीआरआय (देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नंबर पण वेबसाइटवर तपासला, नोंद आहे.

अपडेट, रात्री 11: इथं दोघांनी सांगा म्हणलं म्हणून जेवणानंतर अण्णांजवळ बसलो. माझं बोलणं अर्ध्यातच थांबवलं त्यांनी. म्हणले, दवाखान्याच्या दारावरची पाटी मला वाचता येत नाही का रे, तुमच्या आईला कळू नये म्हणून गप होतो. मग फॉर्म मागितला, चष्मा लावून चार पानं वाचली, बाकीची सकाळी वाचतो म्हणले. बुधवारच्या देवगिरी एक्सप्रेसचं मुंबईचं तिकीट आहे, ब्लॉकचं कुणाला माहीत असंल तर त्याआधी सांगा.