चार टीम, चार पद्धती: सगळ्यांना एकच फ्रेमवर्क असावं का?

हिंजवडीकर: माझं मत आधीच सांगतो, असावंच. आमच्याकडे एका प्रॉडक्टवर चार टीम आहेत. एक जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरवर, एक एक्सेलमध्ये, एक भिंतीवर चिठ्ठ्या चिकटवणारी, आणि चौथीचं सगळं प्लॅनिंग व्हॉट्सॅपवर म्हणजे खरं तर लीडच्या डोक्यात, तो गावाला गेला की टीम सुट्टीवर. मागच्या रिलीजच्या आदल्या रात्री कळलं की पेमेंटवाल्यांचं 'झालं' म्हणजे कोड लिहून झाला, आणि आमचं 'झालं' म्हणजे टेस्टिंग होऊन क्लायंटने बघूनसुद्धा झालं. दोघंही खरंच बोलत होते, पण रात्री अडीचला घरी गेलो आम्ही. स्क्रम या टीमने काम करायच्या फ्रेमवर्कमध्ये डेफिनिशन ऑफ डन, म्हणजे 'झालं' कशाला म्हणायचं याची व्याख्या, असते ती यासाठीच, आणि २०२०च्या स्क्रम गाइडमध्ये, म्हणजे स्क्रमच्या अधिकृत नियमपुस्तिकेत, स्पष्ट आहे की एका प्रॉडक्टवर अनेक टीम असतील तर ती सगळ्यांची एकच पाहिजे.

सपोर्टवाली: कागदावर छान आहे हो. मी सपोर्टला आहे, आमचं तिकीट दोन आठवड्यांच्या स्प्रिंटची, म्हणजे आधीच ठरवलेल्या कामाच्या फेरीची, वाट बघत बसत नाही, सर्व्हर पडला की पडला. आमच्यावर वरून स्क्रम लादलं तेव्हा पहिल्या दिवशी ठरवलेलं तिसऱ्या दिवशी पुसायचो, आणि शेवटी 'कमिटमेंट का पाळली नाही' म्हणून आम्हीच ऐकून घ्यायचं. त्यात एकच पद्धत आली की साहेब लोक तुलना सुरू करतात, त्या टीमचे ४० स्टोरी पॉइंट (म्हणजे काम किती मोठं याचा अंदाज), तुमचे २२ का? अहो, स्टोरी पॉइंट हा शब्दसुद्धा स्क्रम गाइडमध्ये नाही!

हिंजवडीकर: तो साहेबाचा दोष झाला, फ्रेमवर्कचा कसा?

सपोर्टवाली: साहेब फ्रेमवर्कसोबतच येतो, वेगळा मिळत नाही 😄

भोसरी_एमआयडीसी: आयटीवाल्यांच्या भांडणात पडू नये पण राहवत नाही. कानबान म्हणून तुम्ही कामाची जी कार्डं स्क्रीनवर सरकवता ती टोयोटाच्या कारखान्यातून आलीत, आम्ही अजून खरी कार्डं वापरतो. बिन रिकामा झाला की कार्ड मागे जातं, कार्ड नाही तर माल बनवायचा नाही, विषय संपला. पण नीट बघा, कार्ड एकसारखं आहे ते गिऱ्हाईक आणि आमच्यामध्ये. माझ्या शेडमध्ये मी मशीनं कशी लावली, कोणाला कुठल्या शिफ्टला घातलं, हे कोणी विचारत नाही. विचारलं तर सांगणारही नाही.

सपोर्टवाली: हेच म्हणायचं होतं मला, दादांनी कमी शब्दात सांगितलं.

आळंदीचा_माणूस: थोडं अवांतर. माउलींच्या पालखीत रथापुढे २७ दिंड्या, मागे त्याहून किती तरी जास्त. स्वयंपाक, राहुट्या, ट्रक ज्याचा त्याचा. पण क्रम ठरलेला, हैबतबाबांनी घालून दिलेला, आणि संध्याकाळी समाज आरतीला चोपदाराने चोप उंच केला की सगळे टाळ बंद. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग तिचं ऐकून घेतात. आमच्या डेलीला, म्हणजे स्क्रमच्या रोजच्या छोट्या मीटिंगला, १५ मिनिटांच्या नावाखाली ४० मिनिटं सगळे 'काल काय केलं' सांगतात आणि अडलेला मात्र गप्प बसतो. काल काय केलं, आज काय करणार, अडलंय काय, हे तीन प्रश्न तर २०२०मध्ये गाइडमधून काढून टाकले, आमच्याकडे बातमी पोचलेली नाही अजून.

हिंजवडीकर: टाळाचं आवडलं राव. बरं, अर्धं मान्य. स्प्रिंट वगैरे ज्याचं त्याने ठरवावं, सपोर्टला कानबानचा बोर्ड चालेल. पण 'झालं'चा अर्थ, काम एकाकडून दुसऱ्याकडे देताना काय काय द्यायचं, आणि अडलं तर कोणाला सांगायचं, हे तीन सगळ्यांचे एकच पाहिजेत. यावर मागे हटणार नाही.

सपोर्टवाली: आणि एक्सेल?

हिंजवडीकर: एक्सेल बंद.

सपोर्टवाली: मग धागा अजून बराच चालणार 😄